ज्येष्ठमध, दोन ड्राम

बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते,
म्हणून आमच्या नाताळच्या बिस्किटांची कृती
औषधाच्या चिठ्ठीसारखी आहे.
मैदा दोन शेर. सुंठ सहा ड्राम.
लवंगा मोजून एकवीस.
दालचिनी बोटाएवढी, आणि त्यापुढे: माझ्या.
काटोलच्या संत्र्याची साल, चार उन्हं दिलेली.
काळा गूळ. तूप लागेल तसे.
मिश्रण रात्रभर झाकून ठेवावे, हलवू नये.
आणि अगदी तळाशी, पेन्सिलीनं,
ज्येष्ठमध, दोन ड्राम.

त्यांचं बोट जरीपटक्याच्या दफनभूमीत आहे.
भावाचं तसंच, म्हणून तो पुण्याहून
दर डिसेंबरात बोटाचा फोटो पाठवतो,
शेजारी पट्टी ठेवून.
पितळी तराजू माझ्याकडे आला.
एका ड्रामचं वजन कुठंतरी हरवलं,
तिथं मी जुनं पन्नास पैशांचं नाणं ठेवते.
बाजारात ते कुणी घेत नाही,
इथं मात्र चोख चालतं.

इतवारीतला दुकानदार पुडी बांधताना
दरवर्षी विचारतो, खोकला कोणाला आहे बाई?
मी नुसती हसते.
घरातलं गुपित असं दुकानात सांगायचं नसतं.

बावीस तारखेची रात्र, थंडी आठावर उतरलेली.
मेकोसाबागेतल्या बेकरीबाहेर
डब्यांची रांग, माणसं त्यांच्यामागे.
झाकणांवर खडूनं नावं: रणनवरे, उमाठे, डॅनियल,
एकावर फक्त "लाल दरवाजा".
कुणाचा केक, कुणाची नानकटाई,
शाली, मफलर, थर्मासातला चहा,
आणि भट्टीचं दार उघडलं की
सगळ्यांचे चेहरे एकदम ओळखीचे.
माझा नंबर पावणेतीनला लागला.
लांब दांड्याच्या फावड्यावर ट्रे सरकवत
कय्यूमभाई म्हणाले, तुमचा माल
मी डोळे मिटून सांगतो,
दवाखान्याचा वास येतो.
मला ते फार आवडलं.
मी घरी येईपर्यंत तेच म्हणत होते.

चोवीस तारखेला सलोमी आत्याला आणलं.
शहाऐंशी वर्षं, दात चार, कान पक्के.
गेली कितीक वर्षं ती भंडाऱ्याला लेकीकडे,
पार्सल जायचं, पण तिथं नातवंडंच संपवायची.
तिनं बिस्कीट चहात बुडवलं,
तोंडात धरून बसली,
मग म्हणाली, अवं, याच्यात ज्येष्ठमध काऊन टाकलं?

बाबांनी लिहिलंय ना.

दाखव.

चष्मा पुसून झाला. कागद दूर धरून झाला,
जवळ धरून झाला.
अवं बाई, हे माह्या खोकल्याचं होय.
त्या साली छाती भरली होती मले.
मी आतून ओरडली, येताना ज्येष्ठमध आणजो,
त्याच्या हातात हाच कागद असंल.

आणि मग?

मग काय. विसरला तो.
आणलंच नाही.

एकतीस नाताळ.
एकतीस वेळा इतवारी, पुडी, नाणं, तराजू.
शेजारच्या मेश्रामबाईंना कृती देताना
हीच ओळ मी झाकून ठेवली होती.
संध्याकाळी भावाचा फोन आला, पार्सल पोचलं,
म्हणाला, ताई, हुबेहूब बाबांच्या हातची चव.
मी म्हटलं, हो.

रात्री कॅरलची पोरं आली, सव्वाबाराला,
एक गिटार, दोन टॉर्च, बाकी सगळे स्वेटर.
दुसऱ्या कडव्यात मागचा एक बारका
खोकायला लागला, थांबेना.
आत्यानं खुर्चीतूनच डबा पुढं केला.
घे रे, ती म्हणाली,
औषध हाय त्याच्यात.
जरा उशिरा आलं, पण हाय.